बंबावर किती माणसं बसली आहेत? ठाणे-नवी मुंबईच्या अग्निशमन दलाचा मनुष्यबळाचा हिशेब

महापालिकेच्या अर्थसंकल्पाच्या सुमारास एक बातमी हमखास येते: अग्निशमन दलात इतकी पदं मंजूर, इतकी भरलेली, इतकी रिक्त. वाचणारा टक्केवारी बघून हळहळतो आणि पान उलटतो. पण घोडबंदर रोडवर किंवा कोपरखैरण्यात राहणाऱ्याला या टक्केवारीतून कामाचं काहीच कळत नाही. त्याला कळायला हवं ते हे, की आत्ता फोन गेला तर केंद्रातून निघणाऱ्या बंबावर किती जण असतील आणि ते काय करू शकतील. मंजूर पद आणि बंबावर बसलेला माणूस यांच्यामध्ये बरीच वजाबाकी असते. ती एकदा नीट मांडली की बाकीचं आपोआप उलगडतं.

सहा जागा, सहा कामं

एका बंबावर साधारण सहा जण धरले जातात: एक अधिकारी किंवा लीडिंग फायरमन, एक चालक-यंत्रचालक आणि चार फायरमन. हा आकडा गाडीत किती सीट आहेत यावरून आलेला नाही. घटनास्थळी एकाच वेळी किती कामं चालतात त्यावरून आलेला आहे.

चालक गाडी लावतो आणि लगेच पंपावर उभा राहतो. पाणी चालू आहे तोवर त्याला पंप सोडता येत नाही. दाब खाली आला तर आत होज, म्हणजे पाण्याची नळी, धरलेल्याच्या हातात ऐन वेळी पाण्याची नुसती बारीक धार उरते. अधिकारी इमारतीला फेरी मारून धूर कुठून येतोय, माणसं कुठे अडकलीत, गॅस आणि वीज बंद झाली का, ते बघतो. उरले चार. त्यातले दोघं बीए सेट, म्हणजे पाठीवरच्या हवेच्या सिलिंडरचा संच, लावून आत जातात. आत कधीच एकट्याने जायचं नसतं. पाचवा बाहेर बीए बोर्डवर थांबतो. कोण किती वाजता आत गेला, सिलिंडरमध्ये तेव्हा किती दाब होता, किती वाजता बाहेर यायला हवा, हे सगळं तो लिहून ठेवतो. सहावा होज ओढतो आणि पाण्याची पुढची सोय बघतो.

होज ओढणं हे काम ऐकायला किरकोळ वाटतं. ६३ मिलिमीटर व्यासाच्या १५ मीटर होजमध्ये पाणी भरलं की त्यात सुमारे ४७ लिटर, म्हणजे ४७ किलो पाणी असतं. जिन्याच्या प्रत्येक वळणावर हा होज अडतो, आणि तिथे तो सोडवायला माणूस लागतो.

आता त्याच बंबावर चौघेच आले असं धरा. अधिकारी, चालक आणि दोन फायरमन. दोघं आत गेले की बोर्ड लिहायला कोणी नाही आणि होज सरकवायलाही कोणी नाही. मग अधिकारी स्वतः होजला हात लावतो आणि त्या क्षणापासून संपूर्ण इमारतीकडे बघणारं कोणीच उरत नाही. किंवा तो दोघांना आत सोडत नाही, दुसऱ्या बंबाची वाट बघतो. बाहेर जमलेली गर्दी त्याला शिव्या घालते, पण त्याचा निर्णय बरोबर असतो. आत गेलेल्या जोडीला काही झालं तर त्यांना काढायला दुसरी जोडी तयार लागते, आणि ती दुसऱ्या गाडीवरूनच येते. म्हणून घरातल्या आगीच्या कॉलवर एकापेक्षा जास्त गाड्या पाठवतात.

एक जागा, सव्वाचार माणसं

अग्निशमन केंद्र वर्षभर, चोवीस तास उघडं असतं. म्हणजे बंबावरची एक जागा वर्षाला ३६५ गुणिले २४, अर्थात ८,७६० तास भरलेली हवी.

एक कर्मचारी किती तास देतो? ३६५ दिवसांतून ५२ साप्ताहिक सुट्ट्या वजा करा. ३० अर्जित रजा, ८ किरकोळ रजा. आजारपणाचे सरासरी १० दिवस आणि उजळणी प्रशिक्षणाचे १० दिवस धरू. उरले २५५ दिवस. आठ तासांच्या पाळीने २,०४० तास. ८,७६० ला २,०४० ने भागलं की उत्तर येतं ४.३. म्हणजे एक जागा चोवीस तास भरायला सव्वाचार माणसं पगारावर हवीत, आणि सहा जागांचा एक बंब चालवायला सव्वीस.

तीन पाळ्या म्हणजे तिप्पट माणसं, असं बहुतेक जण धरून चालतात. सुट्टी आणि रजा त्यात विसरली जाते, आणि सगळा घोळ तिथेच होतो.

समजा एका केंद्रावर दोन गाड्या आहेत आणि नियंत्रण कक्षात एक माणूस. एकूण तेरा जागा. त्यांना छप्पन्न माणसं हवीत. प्रत्यक्षात चाळीस आहेत. कागदावर हे सत्तर टक्क्यांच्या वर जातं, म्हणजे ठीकच म्हणायचं. पण चाळीस भागिले ४.३ म्हणजे एका पाळीला नऊ. एक नियंत्रण कक्षात, राहिले आठ, दोन गाड्यांवर चार-चार. म्हणजे कागदावर फार तर तीस टक्के कमी दिसणारं केंद्र घटनास्थळी मघाच्या चौघांच्या अवस्थेत पोचतं.

शिवाय ही सरासरी आहे. रजा सरासरीने पडत नाहीत. गणपतीला कोकणातला कर्मचारी गावी जायला बघतो, आणि नेमकं त्याच दिवसांत विसर्जन घाटांवर जादा माणसं लावावी लागतात. दिवाळीत फटाक्यांच्या आगी, पावसाळ्यात झाडं पडणं. रजा नामंजूर करून हा खड्डा भरला जातो. मग साठलेल्या रजा पुढे आजारपणाच्या नावाने निघतात, आणि पुढच्या महिन्याचं वेळापत्रक कोसळतं.

शहराच्या पातळीवर हाच हिशेब

अग्निशमनासाठीच्या केंद्रीय सल्लागार समितीचा जुना निकष असा: तीन लाख लोकसंख्येपर्यंत दर ५० हजारांमागे एक बंब, त्यापुढे दर एक लाखामागे एक. २०११ च्या जनगणनेत ठाणे महापालिका हद्दीची लोकसंख्या १८ लाख ४१ हजार होती. म्हणजे सहा अधिक पंधरा-सोळा, ढोबळ बावीस बंब. गुणिले सव्वीस, पावणेसहाशेच्या आसपास माणसं, आणि तीही फक्त बंबांसाठी. नवी मुंबई महापालिका हद्दीत तेव्हा ११ लाखांवर लोक होते. तिथे चौदा बंब आणि साडेतीनशेच्या वर माणसं. यात शिडीच्या गाड्या, बचाव वाहनं, नियंत्रण कक्ष, परवानग्या बघणारे अधिकारी धरलेलेच नाहीत. २०११ नंतर दोन्ही शहरं किती वाढली ते घोडबंदर पट्ट्यात आणि घणसोली-ऐरोलीत डोळ्यांनी दिसतं.

निकष फक्त डोकी मोजतो, ही त्यातली खोट. चाळीस मजल्यांचा टॉवर आणि चाळ त्याच्या लेखी सारखीच. ठाणे-बेलापूर पट्ट्यातले रसायनांचे कारखाने त्याला दिसतच नाहीत.

नवी मुंबईत आणखी एक गुंता आहे. महापालिकेचं दल वेगळं, एमआयडीसीचं वेगळं, सिडकोचं वेगळं. मोठ्या आगीत सगळे एकमेकांच्या मदतीला जातात, ठाण्याच्या गाड्याही जातात. मदत चांगलीच आहे. पण ज्या केंद्राची गाडी दुसऱ्या हद्दीत गेली त्याच्या मागे मोकळं पडलेलं केंद्र कोणी भरायचं, हे आधी ठरलेलं असावं लागतं.

पदं रिकामी का राहतात

पैसा हे एक कारण आहे, पण नेहमी वाटतं तितकं सरळ नाही. महापालिकेने आस्थापना खर्च, म्हणजे पगार-भत्त्यांवरचा खर्च, ३५ टक्क्यांच्या आत ठेवावा अशी शासनाची अट आहे. त्यापलीकडे गेलेल्या पालिकेला भरतीसाठी खास मंजुरी मागावी लागते. आधी आकृतिबंध, म्हणजे कोणत्या विभागात किती पदं, हा तक्ता शासनाकडून मंजूर व्हायला हवा. मग सेवाप्रवेश नियम, म्हणजे कोणत्या पदाला कोणती पात्रता. मग बिंदुनामावली, म्हणजे आरक्षणानुसार पदांचा क्रम, तपासून घ्यायची. यातलं एक अडलं की जाहिरात अडते. तोवर निवृत्त्या चालूच असतात.

केंद्राने २०२३ मध्ये राज्यांच्या अग्निशमन सेवांसाठी ५,००० कोटींची योजना आणली. नवी केंद्रं, उपकरणं, प्रशिक्षण अशा गोष्टींसाठी ती आहे. गाडी अशी अनुदानातून येऊ शकते, पण तिच्यावरच्या सव्वीस जणांचा पगार पालिकेलाच दर महिन्याला काढावा लागतो. नव्या गाडीची पूजा झाल्यावर फोटो सगळे काढतात. ती चालवणार कोण, हे त्याच कार्यक्रमात विचारायला हवं.

सगळ्यात आधी टंचाई जाणवते ती चालकांची. जड वाहनाचा परवाना आणि पंप चालवण्याचं ज्ञान, दोन्ही एकाच माणसात हवं. फायरमन पाच असून चालक नसेल तर गाडी जागची हलत नाही. म्हणून पुष्कळ ठिकाणी ठेक्यावर चालक घेतात. तो गाडी उत्तम चालवेल, पण पंपाचा दाब किती ठेवायचा, टाकी संपत आल्याचा इशारा आत कसा द्यायचा, हे त्याला शिकवलेलं नसेल तर पंपावर एक फायरमन उभा करावा लागतो. म्हणजे आतल्या कामाचा माणूस पुन्हा कमी. ठेका वर्षाने बदलला की नवा चालक, पुन्हा पहिल्यापासून.

वरच्या पदांची गोष्ट निराळी. उपअधिकाऱ्यापासून वर जायला नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयाचे अभ्यासक्रम मोलाचे धरले जातात. तिथे माणूस पाठवायचा म्हणजे तो काही महिने केंद्रातून वजा. आधीच कमी माणसं असलेलं केंद्र त्याला सोडत नाही. मग पात्र माणूस तयार होत नाही, पद रिकामं राहतं, आणि कोणाकडे तरी अतिरिक्त कार्यभार जातो. याच अधिकाऱ्यांनी टॉवरच्या परवानग्या तपासायच्या आणि रात्री आगीवरही जायचं.

प्रशिक्षण: सहा महिने आणि त्यानंतर

फायरमन पदाच्या जाहिरातीत पालिका बहुधा राज्य अग्निशमन प्रशिक्षण केंद्राचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम मागतात. हे केंद्र सांताक्रूझ पूर्वेला, विद्यानगरीत आहे. भरतीची तयारी करणाऱ्या मुलांनी इथे सावध राहावं. गल्लोगल्ली मिळणारा फायर अँड सेफ्टीचा खासगी डिप्लोमा कारखान्यात सुरक्षेच्या नोकरीला उपयोगी पडेल, पण पालिकेच्या जाहिरातीत ज्या संस्थेचं नाव छापलं असेल तिचंच प्रमाणपत्र ग्राह्य धरतात. पैसे भरण्याआधी जुन्या दोन-तीन जाहिराती काढून अर्हतेचा परिच्छेद शब्दन् शब्द वाचा.

सहा महिन्यांत कवायत, होज आणि शिडीचे सराव, दोर व गाठी, पंप, प्रथमोपचार, आगीचं शास्त्र आणि बीए सेट हे सगळं होतं. यात हात बसायला सर्वांत वेळ लागतो आणि सर्वांत लवकर विसरायला होतं ते बीए सेटचं काम. त्याचा हिशेब बघा. सहा लिटरचा सिलिंडर ३०० बारला (बार हे दाबाचं माप) भरला की त्यात सुमारे १,८०० लिटर हवा असते. साधारण ५५ बार उरले की शिट्टी वाजते. ती वाजायच्या आत बाहेर असायला हवं, म्हणून शेवटचे ३३० लिटर हिशेबात धरायचेच नाहीत. वापरायला उरली १,४७० लिटर. मिनिटाला ४० लिटर या पुस्तकी दराने ती ३६-३७ मिनिटं पुरते. होज ओढत असलेला माणूस ६० लिटर ओढतो, मग चोवीस मिनिटं. जिना चढत, माणूस उचलत ८० लिटर गेले तर अठरा. आणि यातच परत येण्याची हवाही आली.

म्हणूनच टॉवरमध्ये खालून सेट चालू करून चढत नाहीत. सेट पाठीवर, मास्क बंद, अशा तयारीत आगीच्या दोन मजले खाली तळ मांडतात आणि तिथून हवा सुरू करतात. वर जायला इमारतीची फायर लिफ्ट लागते. पाणी इमारतीच्या उभ्या पाइपातून घ्यायचं असतं, कारण वीस-पंचवीस मजले होज नेणं शक्य नाही. इथे गडबड बहुतेक वेळा सोसायटीकडूनच झालेली असते: पंपाचा स्विच मॅन्युअलवर, डिझेल पंपाची बॅटरी उतरलेली, मजल्यावरच्या पेटीतलं पितळी नोझल चोरीला गेलेलं. महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्यानुसार दर जानेवारी आणि जुलैमध्ये परवानाधारक संस्थेकडून यंत्रणा तपासून ‘नमुना ब’ हे प्रमाणपत्र द्यायचं असतं. फॉर्म भरलेला असतो. पंप सुरू करून पाहिलेला असतोच असं नाही.

मास्कचीही एक बारीक गोष्ट आहे. दाढी वाढलेली असेल तर कडा चेहऱ्याला घट्ट बसत नाही, हवा गळते आणि सगळा वेळेचा हिशेब चुकतो. पाळीच्या सुरुवातीला प्रत्येकाने आपला सेट लावून, झडप बंद करून श्वास ओढून बघायचा, हा सराव मिनिटभराचा. माणसं कमी असली की पहिल्यांदा तोच सुटतो.

उजळणीचे दहा दिवस वर हिशेबात धरले, ते म्हणूनच. ते वाचवून पाळ्या भरल्या तर बंबावर सहा जण दिसतात, पण आत जाण्याइतका सराव त्यांतल्या दोघा-तिघांचाच असतो. बाकीच्या दिवसांत कॉल असतात तरी कसले? पतंगाच्या मांज्यात अडकलेली घार, गायमुखच्या घाटात सांडलेलं तेल, गाडीवर पडलेलं झाड. ही कामं दलाने करावीतच. ठाण्यात त्यासाठी आपत्ती व्यवस्थापन कक्ष आणि ठाणे आपत्ती प्रतिसाद दल बरोबरीला आहेत. पण तेलावर माती टाकून बीए सेटचा हात तयार होत नाही.

रसायनांच्या आगीला फोम लागतो आणि तिथलं गणित आणखी निष्ठुर. सामान्य बंबात ४,५०० लिटर पाणी. मिनिटाला ४५० लिटरचे दोन जेट चालवले तर पाच मिनिटांत टाकी कोरडी. तीन टक्क्यांचा फोम (पाण्यात तीन टक्के मिसळायचं द्रव) एका जेटला मिनिटाला साडेतेरा लिटर जातो, म्हणजे वीस लिटरचा कॅन दीड मिनिटात रिकामा. फोमचा थर पूर्ण बसायच्या आत कॅन संपले तर आग पुन्हा पसरते आणि आधीचा सगळा फोम वाया जातो. त्यामुळे शिकलेला अधिकारी पुरेसे कॅन जमेपर्यंत फोम सुरूच करत नाही, तोवर पाण्याने शेजारचे ड्रम आणि भिंती थंड ठेवतो. पवनेत किंवा रबाळ्यात कारखान्याबाहेर उभं राहून बघणाऱ्याला वाटतं, हे नुसते भिंतीवर पाणी मारत बसलेत.

पोलिसांचं थोडं वेगळं

माणसं कमी पडण्याचा प्रश्न पोलिसांतही आहे. पण पोलीस राज्य शासनाचे, त्यामुळे ठाणे किंवा नवी मुंबई महापालिका एकही शिपाई वाढवू शकत नाही. ठाणे पोलीस आयुक्तालय तर भिवंडी, कल्याण, उल्हासनगरपर्यंत पसरलेलं आहे. भरती आयुक्तालयानुसार होते: ५० गुणांची मैदानी, १०० गुणांची लेखी, मग प्रशिक्षण केंद्र. उपनिरीक्षक नाशिकच्या अकादमीत घडतात.

हिशेबाचं सूत्र इथेही तेच, फक्त वजाबाकी लांब. पोलीस ठाण्याच्या हजेरीपटावरच्या संख्येतून कोर्ट ड्युटी, समन्स, आरोपी नेणं-आणणं, बंदोबस्त, इतर शाखांत संलग्न असलेले असे सगळे वजा केले की बीटवर फिरायला उरतात ते थोडे. अग्निशमन दलात माणूस कमी पडला की ते घटनास्थळी लगेच दिसतं. पोलिसांत ते पाळी बारा तासांची होण्यात आणि तपास लांबण्यात मुरतं, म्हणून बाहेरून कळत नाही.

१ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे लागू झाले आणि शिकण्याचा बोजा एकदम वाढला. झडती-जप्तीचं चित्रीकरण करायचं, सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक पथकाला घटनास्थळी बोलवायचं. वीस वर्षं कलमं तोंडपाठ असलेल्या हवालदाराला ती सगळी नव्याने पाठ करावी लागतायत, आणि तेही ड्युटी सांभाळून.

राज्याच्या ११२ क्रमांकाचं मुख्य संपर्क केंद्र नवी मुंबईत महापे इथे आहे. आगीसाठी १०१ थेट अग्निशमन दलाकडे जातो. ११२ वर केलेला फोनही पुढे दिला जातो. पत्ता सांगताना सेक्टर, इमारतीचं नाव आणि गाडी ज्या बाजूने आत येऊ शकते तो रस्ता, हे तीन आधी सांगा. घणसोली गावठाण किंवा लोकमान्य नगरसारख्या ठिकाणी तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, कारण मोठा बंब चुकीच्या गल्लीत शिरला की मागे घ्यायला दोन माणसं आणि पाच मिनिटं जातात.

विचारायचं झालं तर

माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचं शुल्क लावून अर्ज करता येतो. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा, म्हणून ‘किती पदं रिक्त’ यावर शब्द घालवू नका. आपल्या जवळच्या केंद्राचं नाव लिहून विचारा: गेल्या महिन्यात प्रत्येक पाळीला प्रत्येक वाहनावर किती कर्मचारी होते? चालक नसल्याने वाहन किती पाळ्या उभं राहिलं? गेल्या वर्षात प्रत्येकी किती दिवस बीए सेटचं उजळणी प्रशिक्षण झालं? चालकांपैकी ठेक्यावरचे किती, आणि त्यांना पंपाचं प्रशिक्षण दिल्याची नोंद आहे का?

कर्मचाऱ्यांची नावं मागू नका, फक्त संख्या मागा. नावं मागितली की वैयक्तिक माहिती म्हणून नकार द्यायला जागा मिळते. माहिती एकत्र केलेली नाही असं उत्तर आलं, तर वाहनांचं लॉगबुक आणि पाळीची हजेरी नोंदवही प्रत्यक्ष पाहण्याची मागणी करा. अभिलेख तपासण्याचा हक्क त्याच कायद्यात आहे, आणि वाहनागणिक माणसं किती होती ते या दोन वह्या समोरासमोर ठेवल्या की अर्ध्या तासात मोजता येतं.